याकोबाची बनवाबनवी

संशयी : मंडळीच्या ग्रुपवर सकाळी पाळकसाहेब वचन टाकतात. खाली आमेनची रांग लागते, हात जोडलेली चित्रं येतात, आणि त्या रांगेत मधेच तुझा अशोक सराफ उभा असतो, भुवया उडवत. लक्ष्मीकांत बेर्डे तर रोजचाच. मला सिनेमाचं वावडं नाही, तरुणपणी मीही भरपूर पाहिलेत. पण पन्नाशी उलटलेल्या ख्रिस्ती माणसानं रात्र रात्र यूट्यूबवर ‘धुमधडाका’ आणि ‘थरथराट’ बघत बसावं, आणि त्यातलेच तुकडे दिवसभर मित्रांना पाठवत राहावं, याला काय म्हणायचं? समर्थ रामदास आपल्याच जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. त्यांनी विनोदाची आवड टवाळांच्या खात्यावर मांडून ठेवली आहे. ते आपले नव्हेत म्हणशील, तर आपला उपदेशक तरी काय वेगळं सांगतो? मूर्खाचं हसणं त्यानं हंड्याखाली तडतडणाऱ्या काट्यांच्या पंक्तीला बसवलंय. बाभळीच्या काट्या चुलीत घातलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आवाज भरपूर, जाळ घटकाभर, पाणी कोमटच.

हौशी : समर्थ आपले कामून नव्हेत? जांब काय परक्या मुलखात आहे? पण तू म्हणतोस तो चरण जिथं येतो, तिथं कोणाला काय गोड लागतं याची यादी चालली आहे. तिच्यातलं एकच कलम उचलून फिर्याद गुदरायची, हे बरं नव्हे. आणि ज्यानं मूर्खाची लक्षणं एकेक करून समासभर लिहिली, त्याला माणसं बघताना हसू फुटत नसेल यावर माझा विश्वास नाही. तो समास नुसता वाचला तरी गावातले चार चेहरे डोळ्यांपुढं येतात, पाचवा आरशातला.

राहिला उपदेशक. तो मूर्खाच्या हसण्याबद्दल बोलतो. सारेच्या हसण्याबद्दल नाही. नव्वदीला टेकलेली बाई तंबूच्या दाराआडून पाहुण्यांचं बोलणं ऐकते, तुला मुलगा होणार. ती मनातल्या मनात हसते. ही का हसली म्हणून देव तिच्या नवऱ्याला विचारतो. ती घाबरून कानावर हात ठेवते, आणि देव तिचं खोटं तिच्या पदरात घालतो. झालं. शिक्षा नाही, शाप नाही. मूलही ठरल्या वेळी होतं. एका म्हातारीशी देवानं अशी हुज्जत घातलेली ज्या शास्त्रात आहे, ते वाचणाऱ्यांनी चेहरा लांब करून कशासाठी बसायचं? आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्यातलं सगळ्यात टिकाऊ पुस्तक कोणतं? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. त्यात प्रवचनं किती आणि हसू किती, हे तूच सांग.

संशयी : लक्ष्मीबाईंचं नाव घेतलंस ते बरं केलंस, कारण माझा मुद्दा तिथूनच निघतो. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, बाईंचा 1900 चा. मधली वर्षं त्यांनी कशी काढली, तेही त्याच पुस्तकात आहे. वडिलांच्या सोवळ्याचा कहर, नवऱ्याचं न सांगता उठून जाणं, लोकांची बोलणी, हे सगळं सोसून झाल्यावर त्या हसतात. त्या हसण्याची किंमत आधी चुकती झालेली आहे. तुझ्या सिनेमातल्या हसण्याची किंमत कोण देतं?

‘अशी ही बनवाबनवी’ घे. 1988 चा सिनेमा, गोष्ट ‘बीवी और मकान’वरून उचललेली. चार तरुणांना पुण्यात खोली मिळत नाही. घरमालकीण बायका असलेल्यांनाच जागा देणार, म्हणून दोघं लुगडी नेसून बायका होतात. म्हणजे काय, तर एका भल्या बाईला दिवसरात्र फसवायचं आणि आपण तीन तास हसायचं. पुरुषानं बाईचा वेष घेऊ नये, हे अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे.

हौशी : त्याच अनुवादात मंत्रतंत्रही वर्ज्य आहे. म्हणजे तात्या विंचूही गेला.

संशयी : जाऊ दे त्याला. फसवणुकीचं बोल.

हौशी : फसवणुकीचंच बोलतो. उत्पत्तीचा सत्ताविसावा अध्याय एकदा सिनेमा बघतोस तसा वाच. म्हातारा इसहाक, दृष्टी गेलेली, थोरल्याला म्हणतो, शिकार करून आण, मला आवडतं तसं कालवण कर, मग आशीर्वाद देतो. आई दाराशी ऐकते. ती धाकट्याला हाताशी धरते, करडांचं कालवण रांधते, थोरल्याचे ठेवणीतले कपडे याच्या अंगावर चढवते. थोरला केसाळ, हा गुळगुळीत. म्हणून हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळते. म्हातारा चाचपडतो, बुचकळ्यात पडतो. आवाजावरून एक मुलगा वाटतो, हातांवरून दुसरा. शेवटी कपड्यांच्या वासावर त्याची खात्री पटते. आणि वेळेचा हिशोब बघ : धाकटा आशीर्वाद घेऊन बाहेर पडतो न पडतो, तोच थोरला कालवण घेऊन आत येतो. एक दार, एक बाहेर, एक आत. याहून नेमका फार्स कोणी लिहिलाय? लक्ष्मीकांत बेर्डेंच्या पार्वतीला विग होता, याकोबाला कातडी होती. फरक एवढाच.

हा पोरगा मग भावाच्या भीतीनं पळाला. वाटेत रात्र झाली, दगड उशाला घेऊन उघड्यावर झोपला, आणि स्वर्गापर्यंत पोचलेली शिडी त्याला तिथं दिसली. ती जागा कोणती? बेथेल. आता जालन्यातल्या ख्रिस्ती माणसाला बेथेल शिकवायला हवं का? नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा 1843 मध्ये मुंबईला झाला. जन्मानं ब्राह्मण. पुढं निजामाच्या राज्यात येऊन जालन्याला त्यांनी मिशनचं काम उभं केलं, सालारजंगांकडून जमीन मिळवली आणि शहराजवळ ख्रिस्ती गाव वसवलं. त्या गावाला त्यांनी नाव दिलं बेथेल. शास्त्रात साधुसंतांच्या गावांची नावं काय थोडी होती? त्यांनी नेमकं ते निवडलं, जिथं एक सोंगाड्या फरारी होऊन झोपला होता. आपल्या मंडळीचा पाया अशा नावावर आहे.

संशयी : नाव घेतलंस, पण पुढची गोष्ट गिळलीस. याकोब मामाकडं गेला. राहेलसाठी सात वर्षं राबला आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बघतो, तर पदरात लेआ. अंधाऱ्या तंबूत बापाला फसवणाऱ्याला लाबानानं अंधारातच फसवलं. आणखी सात वर्षं राबला. एकंदर वीस वर्षं परमुलखात गेली. आई पुन्हा भेटल्याचं शास्त्रात कुठं नाही. आणि म्हातारपणी? त्याच्याच पोरांनी योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याच्यापुढं टाकला आणि विचारलं, हा तुमच्या मुलाचा का बघा. बकऱ्याच्या कातड्यानं त्यानं बापाला फसवलं, बकऱ्याच्या रक्तानं पोरांनी त्याला. हा तुझा विनोद! सोंगाचं बिल पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतं, असं उत्पत्ती सांगते. तुझ्या सिनेमात ते तीन तासांत फाडून टाकतात, लग्नं जुळतात, पडदा पडतो. म्हणून मी त्याला हलकं म्हणतो.

(या ठिकाणी संशयीचं पारडं जड आहे, असं मला वाटतं. हौशीलाही ते जाणवलं असावं. कारण त्याचं पुढचं बोलणं एकदम शास्त्र सोडून पुण्याच्या पेठांत शिरतं.)

हौशी : बिल फाडतात हे खरं. पण सोंग घेतलं कामून, ते बघ की. खोली मिळेना म्हणून. आपली पोरं जालन्याहून पुण्याला शिकायला जातात, कामाला जातात. इथं गिरण्या आहेत स्टीलच्या, बियाण्याच्या कंपन्या आहेत, तरी शिकलेलं पोरगं पुण्याची वाट धरतंच. तिथं खोली बघताना आधी काय विचारतात? आडनाव. मग गाव. मग घुटमळत, म्हणजे तुम्ही नेमके कोण? आपल्यात जाधव आहेत, गायकवाड आहेत, साळवे आहेत. पोरगं जाधव सांगतं आणि गप्प बसतं. नाताळ जवळ आला की खिडकीत चांदणी लावायची का नाही, यावर खोलीत चर्चा होते. त्यानं विग घातलेला नाही, कातडं गुंडाळलेलं नाही. पण सोंग आहेच ना? ‘बनवाबनवी’ला आपण इतकी वर्षं हसतोय ते लुगड्याला नाही. डोक्यावर छप्पर पाहिजे असेल तर जगाला हवं ते माणूस व्हावं लागतं, हे ज्यानं भोगलंय तो पोट धरून हसतो.

आणि शेवटचं रीळ विसरू नकोस. या सगळ्या सिनेमांत एक प्रसंग चुकत नाही : सोंग उघडं पडतं. विग निघतो. प्रेक्षक ज्याची वाट बघत बसलेले असतात तो हाच. आतापर्यंत आपल्याला खरं माहीत होतं, पडद्यावरच्या माणसांना नव्हतं. आता सगळ्यांना कळतं आणि तरीही कोणी घराबाहेर काढत नाही. मैत्रीची माझी व्याख्या एवढीच आहे. ज्यांच्यासमोर आपला विग निघालेला आहे आणि तरी जे चहाला बोलावतात, ते मित्र. कफर्णहूमात पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, गर्दीमुळं दारातून जाता येईना, तेव्हा दुसऱ्याच्या घराचं छप्पर उकलून त्याला खाली सोडलं. इथं चौघे छप्पर शोधतात, तिथं चौघे छप्पर फोडतात. घरमालकाचं काय झालं, ते मार्कानं लिहिलेलं नाही. मला वाटतं त्या दिवशी कफर्णहूमात कोणीतरी हसलं असणार.

संशयी : ते चौघे त्याचे मित्र होते, असंही मार्कानं लिहिलेलं नाही. चार माणसं, एवढंच आहे. भाऊ असतील, शेजारी असतील, मजूर असतील. पण तुझी व्याख्या मला मान्य आहे. तीच तुझ्यावर उलटवतो.

तू दिवसातले किती तास त्या ग्रुपांवर असतोस? शाळेचा ग्रुप, मंडळीचा ग्रुप, वॉर्डाचा ग्रुप, पुण्यातल्या जालनेकरांचा ग्रुप. तिथं शेवटचं रीळ आहे का? तिथं माणूस सकाळी सुविचार पाठवतो, दुपारी वाढदिवसाचा केक, संध्याकाळी दिवंगतास श्रद्धांजली, आणि त्याच बोटानं रात्री हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. खरा कोणता? लक्ष्मण देशपांडे आपल्या मराठवाड्याचे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटा माणूस बावन्न पात्रं उभी करायचा. पण प्रयोग संपला की एकच माणूस हात जोडून समोर उभा राहायचा. तुझ्या फोनमध्ये प्रत्येक जण बावन्न पात्रं करतोय आणि प्रयोग संपतच नाही. जुन्या विनोदी सिनेमात सोंग तात्पुरतं होतं म्हणून विनोदी होतं. जे उतरवायचं नाहीच, त्याला सोंग म्हणायचं की कातडी? याकोबाची निदान संध्याकाळी निघाली असेल.

आणि ते स्टिकर! माणूस उत्तर देत नाही, अशोक सराफ देतात. तुझी बायको दवाखान्यात होती तेव्हा शाळेच्या ग्रुपवर तू ते सांगितलंस. जोडलेले हात किती आले, माहीत आहे. दवाखान्यात किती आले?

हौशी : थोडे आले. तू आलास. मुद्दा मान्य, पण त्यावरून सगळा खटला निकाली काढू देणार नाही.

बेर्डे डिसेंबर 2004 मध्ये गेले. व्हॉट्सअ‍ॅप निघालं 2009 ला. म्हणजे त्यानं हे यंत्र हातात धरलंही नाही, आणि आज आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त बोलतो तो. सिद्धार्थ रे गेला, सुधीर जोशी गेले. अशोकमामांना महाराष्ट्रभूषण मिळालं, पद्मश्री मिळाली, ते आहेत आणि असू देत. ही माणसं आमच्यात बोलतात ती कशी? आम्ही सगळ्यांनी एकेकाळी एकाच अंधारात बसून तेच दृश्य बघितलंय म्हणून. ‘बनवाबनवी’तल्या त्या सत्तर रुपयांच्या विनोदाचा नुसता आकडा टाकला तरी दुबईत बसलेला शेख आणि मोंढ्यातला अग्रवाल एकदम हसतात. त्यांना समजावून सांगावं लागत नाही. नव्या माणसाशी अशी सांकेतिक भाषा तयार करायला तीस वर्षं लागतील, आणि माझ्याकडं तेवढी नाहीत. तू म्हणतोस अशोक सराफ उत्तर देतात. मी म्हणतो, ज्याला ‘मी अजून आहे रे’ म्हणायला लाज वाटते, तो अशोक सराफांना पुढं करतो. पन्नाशीच्या पुरुषांना एकमेकांशी बोलता येतं, असा तुझा समज आहे का?

2020 च्या मार्चमध्ये मंडळीचं दार बंद झालं. पुनरुत्थानाचा रविवार फोनवर झाला. पाळकसाहेबांचा आवाज तुटत होता, कोणाचा तरी माईक चालू राहिला होता आणि आशीर्वादाच्या वेळी कुकरची शिट्टी झाली. ज्यांना आम्ही रविवारी फक्त पाठीकडून बघत होतो, त्यांचे चेहरे त्या दिवशी पहिल्यांदा समोरून बघितले. अंगावर ठेवणीतला सदरा आणि मागं दोरीवर वाळणारी चड्डी. विग निघाला म्हणतोस ना, तो असा निघतो.

संशयी : कुकर मीही ऐकला. आमच्याच घरचा होता. पण बघ, तू जी उदाहरणं देतोस ती सगळी यंत्र फसलं तेव्हाची आहेत. आवाज तुटला, माईक राहिला, दोरी दिसली. यंत्र नीट चालतं तेव्हा काय होतं, ते सांग. योहान आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी काय म्हणतो? लिहायचं पुष्कळ आहे, पण कागद-शाई नको. येतो, समोरासमोर बसून बोलू, म्हणजे आनंद पुरता होईल. ईयोबाचे मित्र घे. पुढं ते वाट्टेल ते बोलले, पण आधी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांचं तेवढंच काम चांगलं झालं. ग्रुपवर गप्प कसं बसणार? गप्प बसलेला तिथं दिसतच नाही.

हौशी : योहानानं ते लिहिलं कशात? पत्रात! शाई नको, हे त्यानं शाईनंच कळवलं. नसतं लिहिलं तर आज तुझ्या तोंडी आलं असतं का? पौलाची निम्मी मैत्री पत्रांतली. बालकवी ठोमरे नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिले, ख्रिस्ती घरात हिंदू पोर, आणि लक्ष्मीबाईंनी त्याला लेकरासारखं वागवलं. ती ओळख 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनातली. आधी कुठंतरी कवितेत ओळख होते, मग माणूस उंबऱ्याशी येतो. माझ्या ग्रुपवरचेही काही उंबऱ्याशी येतील. बाकीचे येणार नाहीत, तर निदान हसवतील. धुळवडीला आपल्या गावात हत्ती रिसाला निघतो तेव्हा रंग टाकणारा प्रत्येक जण आपल्या ओळखीचा असतो का? तरी अंग भिजतंच.

संशयी : भिजतं, आणि दुपारी धुऊन निघतं. मला कळत नाही ते एवढंच, की विग काढायला जागा कोणती. योसेफाचं आठव. भाऊ धान्य मागायला आले तेव्हा तो मिसरी कारभारी बनून बसला होता. भाषा मिसरी, मधे दुभाषा, धाकट्याच्या गोणीत प्याला लपवणं, सगळं सोंग. तुझ्या सिनेमाला शोभेल असं. पण ज्या क्षणी त्याला आवरेना, त्या क्षणी त्यानं आधी काय केलं? सगळ्यांना बाहेर काढलं. हुजरे बाहेर, दुभाषाही बाहेर. मग तो म्हणाला, मी योसेफ. विग काढायला आधी खोली रिकामी करावी लागते. तुझ्या ग्रुपमध्ये आता हजाराच्या वर माणसं बसू शकतात. त्यातल्या कोणाला तू बाहेर काढणार आहेस?

हौशी : पुढचं वचन वाचलंस का? लोकांना बाहेर काढलं, पण तो रडला इतक्या मोठ्यानं की बाहेरच्या मिसऱ्यांना ऐकू गेलं. फारोच्या घरापर्यंत गेलं. आणि फारोला राग आला नाही, बरं वाटलं; गाड्या पाठवल्या त्यानं. बाहेर काढलेली माणसंही त्या गोष्टीत आहेत. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्यांनाही काहीतरी पोचतं.

संशयी : पोचलं असेल. पण कोणीतरी रडतंय, एवढंच. भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं होतं, वीस रुप्यांना विकलं होतं, हे आतल्यांनाच ठाऊक होतं. बाहेरच्यांना आवाज आला, गोष्ट आली नाही.

हौशी : आणि आतल्या अकरांना? ते तर घाबरून गप्प होते. शास्त्रात स्पष्ट आहे, त्यांना उत्तरच सुचेना. आवाज बाहेरच्यांना, गोष्ट आतल्यांना, आणि बोलता कोणालाच येत नाही. त्या खोलीत कोणाच्या हातात फोन असता तर त्यानं काय पाठवलं असतं, असं तुला वाटतं?

संशयी : तू काय पाठवलं असतंस, ते मला ठाऊक आहे. पाठवू नकोस.